सहाय्यक श्वान : प्रमाणपत्र आणि प्रवेशाचा हक्क

रुग्णालयाच्या दारावर 'प्राण्यांना प्रवेश नाही' अशी पाटी असते व ती असणे योग्यच आहे. परंतु एखादी दृष्टिहीन व्यक्ती आपल्या मार्गदर्शक श्वानासह त्याच दारी आली, तर त्या पाटीचा अर्थ कसा लावावयाचा, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. ज्या देशांत तो झाला, तेथील अनुभव प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. 'श्वानपथक' म्हटले की आपल्याला पोलीस खातेच आठवते. म्हणून आम्ही 'जोडी' हा शब्द योजिला आहे. एक दिव्यांग व्यक्ती आणि तिच्या विशिष्ट गरजेसाठी शिकवून तयार केलेला एक श्वान, अशी ही जोडी होय. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली प्रशिक्षण शाळा निघाली. पुढे कर्णबधिरांना दाराची घंटा वा बाळाचे रडणे जाणवून देणारे, चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला पडलेली वस्तू उचलून देणारे श्वानही तयार होऊ लागले.

असा श्वान किती शिकलेला असावा? 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' या संस्थासंघाच्या निकषांनुसार शारीरिक दिव्यांगाच्या श्वानाला त्या व्यक्तीच्या उपयोगाची किमान तीन कामे यावयास हवीत आणि दहापैकी नऊ वेळा त्याने पहिल्याच आज्ञेला प्रतिसाद द्यावयास हवा. मात्र हा संघ प्रत्येक श्वानाला दाखला देत नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना मान्यता देतो. हा भेद पुष्कळदा ध्यानी घेतला जात नाही.

अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांग कायद्याने तर दाखल्याची अटच ठेवलेली नाही. श्वानाचे काम उघड दिसत नसेल तर कर्मचाऱ्याने दोनच प्रश्न विचारावयाचे : दिव्यांगत्वामुळे हा श्वान आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? आजाराचा पुरावा मागावयाचा नाही, काम करून दाखविण्यास सांगावयाचे नाही. स्वतःच श्वान शिकविणाऱ्या व्यक्तीचा हक्क त्यामुळे अबाधित राहतो. श्वान अनावर झाला आणि मालकाने त्यास आवरले नाही, किंवा श्वानाने जागा घाण केली, तर त्याला बाहेर काढता येते. केवळ सोबतीने मनाला धीर देणारा प्राणी या व्याख्येत बसत नाही. या मोकळिकीचा गैरफायदाही घेतला जातो. पैसे भरताच घरपोच मिळणारी ओळखपत्रे तेथे विकली जातात. कायद्याच्या दृष्टीने त्यांना काडीचीही किंमत नाही. अशा पाळीव कुत्र्याने कोठे गोंधळ घातला की पुढच्या खऱ्या जोडीकडे संशयाने पाहिले जाते.

जपानने २००२ साली उलट मार्ग स्वीकारला. तेथे सरकारने नेमलेल्या संस्था जोडीची परीक्षा घेतात, श्वानाच्या अंगावर खूण असते, आरोग्याची नोंद जवळ बाळगावी लागते. तरीही उपाहारगृहे व दवाखाने यांच्या दारातून जोड्या परत पाठविल्या जातात, कारण नकार देणाऱ्यास त्या कायद्यात शिक्षा नाही. दाखला कितीही चोख असला, तरी दारावरच्या माणसाला तो वाचता आला पाहिजे! आमच्या मते प्रमाणपत्र हा शिक्षणाचा पुरावा आहे. हक्क हा त्या व्यक्तीचा आहे, आणि तो श्वानाच्या कागदांवर अवलंबून ठेवणे उचित नव्हे.

रुग्णालयापुरता प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे. अमेरिकेतील नियमांचा आशय असा की बाह्यरुग्ण विभाग, तपासणीची खोली, रुग्णाची खोली, उपाहारगृह, म्हणजे जेथे साधा अभ्यागत जाऊ शकतो तेथे, सामान्यतः श्वानही जाऊ शकतो; शस्त्रक्रियागृह व भाजलेल्यांचा कक्ष यांतून त्यास वगळता येते. दुसऱ्या कोणास कुत्र्याची भीती वाटते वा ॲलर्जी आहे, एवढ्यावरून जोडीला नाकारता येत नाही; दोघांना निरनिराळ्या जागी बसवावयाचे असते. रुग्ण दाखल झाल्यास श्वानाचे खाणेपिणे व बाहेर नेणे ही परिचारिकांची जबाबदारी नाही. ती कोण घेणार, हे दाखल करतानाच नातेवाइकांशी ठरवून घ्यावे, अन्यथा रात्रपाळीवर तो भार पडतो.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सहाय्यक श्वानाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र दिव्यांगांसाठी वाजवी सोयी उपलब्ध करून देण्याचे तत्त्व त्यात आहे, आणि त्याच तत्त्वात या श्वानाला स्थान आहे असे आम्ही मानतो. आपल्या देशातून रेबीज हटलेला नाही. तेव्हा लसीकरणाची नोंद पाहण्यास मागणे आम्हांस गैर वाटत नाही. ती मागणी श्वानाच्या आरोग्याविषयी आहे, माणसाच्या दिव्यांगत्वाविषयी नाही. आवारातील भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त हाही याच विषयाचा भाग होय, कारण त्यांच्या हल्ल्यात मार्गदर्शक श्वान बिथरला तर दृष्टिहीन माणूस भर रस्त्यात एकटा पडतो.

या सर्व सूचना प्रथम फाटकावरील सुरक्षारक्षकांना मराठीत, लेखी मिळावयास हव्यात. कामात असलेल्या श्वानाला चुचकारू नये, खाऊ घालू नये आणि बोलावयाचे ते माणसाशी बोलावे, एवढे त्यांत असले तरी पहिल्या दिवसापुरते ते पुरे आहे.