जांभ्या जमिनीला चुना : कोणत्या पिकासाठी व किती?

भुईमुगाची झाडे हिरवीगार, आऱ्या भरपूर, पण उपटून पाहावे तर निम्म्या शेंगा पोचट, हा अनुभव कोकणातील आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी बियाण्याला दोष देण्यापूर्वी जमिनीचा सामू तपासून घ्यावा.

कोकणातील मुसळधार पावसात जांभ्या जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम निचऱ्याबरोबर वाहून जाते. मागे लोह व ॲल्युमिनियम उरते. सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते. आपण दिलेले सुपर फॉस्फेटही लोह-ॲल्युमिनियमशी बांधले जाऊन पिकाला पुरेसे मिळत नाही. मॉलिब्डेनम कमी पडल्याने मुळांवरील गाठी नीट काम करीत नाहीत.

भुईमुगाची आणखी एक अडचण आहे. मुळांनी घेतलेले कॅल्शियम पानांत जाते, ते शेंगांकडे परत येत नाही. वाढणारी शेंग आपले कॅल्शियम भोवतालच्या मातीतूनच शोषते. म्हणून आऱ्या शिरतात त्या वरच्या थरातच ते असावे लागते. सामू ठीक असूनही शेंगा पोचट राहत असतील तर आऱ्या सुटताना जिप्सम द्यावे. जिप्समने कॅल्शियम मिळते, सामू मात्र वाढत नाही.

भातासाठी चुन्यावर सहसा खर्च करू नये. खाचरात पाणी साचले की काही आठवड्यांत सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो. पाणी ओसरल्यावर तो पुन्हा उतरतो, आणि नेमका तेव्हाच आपण भुईमूग पेरतो! वरकस कुरणातील स्टायलो गवतालाही आम्लता सोसते.

मात्रा शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये. माती परीक्षणाला नमुना देताना सामूबरोबर 'चुन्याची गरज' काढून मागावी, कारण सामू सारखा असला तरी भारी जमिनीला हलक्या जमिनीपेक्षा जास्त चुना लागतो. शिफारस शुद्ध चुनखडीची असेल तर 100 किलोऐवजी विरलेला चुना 74 किलो किंवा कळीचा चुना 56 किलो पुरतो. शिंपल्यांची पूड चालते, पण ती बारीक हवी. जाडीभरडी पूड वर्षभर तशीच पडून राहते.

भात कापणीनंतर जमिनीत ओल असतानाच चुना सारखा पसरून नांगरट करावी. पेरणी दोन-तीन आठवड्यांनी करावी. विरलेला किंवा कळीचा चुना युरिया वा अमोनियम सल्फेटबरोबर कधीही मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. कळीचा चुना हाताळताना डोळे जपावेत.

जास्त चुना म्हणजे जास्त पीक नव्हे. सामू 7 च्या वर गेला की जस्त, लोह व बोरॉनची उणीव दिसू लागते. देशावरील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत तर चुना मुळीच टाकू नये. अमोनियम सल्फेट नेहमी वापरणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे की त्याच्या 100 किलोची आम्लता मोडण्यास सुमारे 110 किलो चुनखडी लागते. अशा शेताचा सामू दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासावा.