आधी पडताळणी, मग प्रकाशन
मुक्त स्रोत डेटाबेसची नवी आवृत्ती कशी सिद्ध होते?

बँकेत व्हाउचर एक जण तयार करतो आणि दुसरा ते तपासून प्रमाणित करतो. खात्यातील शिलकेवर विश्वास बसतो तो या दुहेरी नजरेमुळे. अशा नोंदी ज्या डेटाबेसमध्ये साठविल्या जातात, त्याच्या नव्या आवृत्तीलाही हीच शिस्त लागू असते. मुक्त स्रोत डेटाबेसची संहिता कोणालाही पाहता येते, बदल सुचविता येतात. मग त्याच्या अचूकतेची जबाबदारी कोण घेतो? ‘पोस्टग्रेस्क्यूएल’च्या उदाहरणावरून याचे उत्तर मिळते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये ‘पोस्टग्रेस’ प्रकल्प सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. आज जगभरातील स्वयंसेवक आणि विविध कंपन्यांचे अभियंते मिळून तो विकसित करतात. साधारणपणे वर्षातून एक मोठी आवृत्ती निघते. तिच्यासाठी पाच वर्षे दुरुस्त्या दिल्या जातात आणि दर तिमाहीस किमान एक लहान, केवळ दुरुस्त्यांची आवृत्ती प्रसिद्ध होते.

बदलाचा प्रवास

बदल कोणीही सुचवू शकतो. मात्र मूळ संहितेत तो समाविष्ट करण्याचा अधिकार मोजक्याच अनुभवी व्यक्तींना असतो. त्यापूर्वी इतर जाणकार त्याची छाननी करतात. साधारण एप्रिलमध्ये नव्या सुविधा स्वीकारणे थांबते. त्यानंतर चाचणी आवृत्त्या निघतात आणि शरद ऋतूच्या सुमारास अंतिम आवृत्ती येते.

स्वीकारलेली सुविधाही परत घेतली जाऊ शकते. ‘मर्ज’ ही आज्ञा एप्रिल २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीसाठी समाविष्ट झाली. परंतु तिच्या रचनेविषयी शंका उपस्थित झाल्याने काही दिवसांतच ती मागे घेण्यात आली. ग्राहकांच्या हाती ती आली २०२२ मध्ये, पंधराव्या आवृत्तीत. चार वर्षांचा विलंब स्वीकारला गेला. शंकास्पद नोंद मात्र स्वीकारली गेली नाही.

चाचणी कशी होते?

संहितेपासून चालू शकणारा प्रोग्राम तयार करण्याच्या क्रियेस ‘बिल्ड’ म्हणतात. तो तयार झाल्यावर शेकडो ठराविक आज्ञा चालविल्या जातात. प्रत्येकीचे अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. प्रत्यक्ष उत्तर त्याच्याशी ताडून पाहिले जाते आणि एका अक्षराचा फरकही नोंदला जातो. रोखीचा ताळमेळ जुळल्याशिवाय दिवस बंद न करण्यासारखेच हे आहे.

डेटाबेस अचानक बंद पडल्यास काय होते, हेही तपासतात. प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत आणि नंतर मूळ तक्त्यात लिहिला जातो: आधी रोजकीर्द, मग खतावणी. त्यामुळे वीज गेली तरी रोजकिर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते.

एका संगणकावर जुळलेले दुसऱ्यावर जुळेलच असे नाही. म्हणून २००४ पासून ‘बिल्डफार्म’ ही व्यवस्था चालू आहे. निरनिराळ्या प्रकारचे, प्राण्यांची नावे दिलेले संगणक ताजी संहिता घेऊन सतत बिल्ड आणि चाचण्या करतात व निकाल सर्वांना खुले ठेवतात.

चाचणीची मर्यादा

एवढी दक्षता घेऊनही चूक निसटते. सप्टेंबर २०२१ मध्ये चौदावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. कामकाज चालू ठेवून सूची, म्हणजे इंडेक्स, तयार करण्याची क्रिया सुरू असताना ज्या नोंदी बदलत, त्यांतील काही सूचीत येतच नसत. वेग वाढविण्यासाठी केलेला एक बदल याचे कारण होता. खतावणीत खाते आहे, पण अनुक्रमणिकेत त्याचे पान नाही, अशी ही स्थिती. अनुक्रमणिकेवरून शोधणाऱ्यास ते खाते अस्तित्वातच नाही असे वाटेल, आणि पडद्यावर त्रुटीचा संदेशही येणार नाही.

१६ जून २०२२ रोजी नियमित वेळापत्रकाबाहेर १४.४ ही आवृत्ती काढून तो बदल रद्द करण्यात आला. तथापि केवळ नवी आवृत्ती बसवून सदोष सूची दुरुस्त होत नव्हती. त्या पद्धतीने बनविलेल्या सूची नव्याने तयार कराव्यात, अशी सूचना देण्यात आली.

ध्यानात ठेवावे असे

१. चाचणी आवृत्ती प्रत्यक्ष व्यवहाराच्या संगणकावर वापरू नये. स्वतंत्र संगणकावर, आपल्याच कामकाजाच्या नमुन्यांवर ती तपासावी.

२. आवृत्ती बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि तो परत उभा राहतो, याची खात्री करावी.

३. लहान आवृत्त्या टाळू नयेत. सोबतचे सूचनापत्र पूर्ण वाचावे. दुरुस्तीनंतरचे आवश्यक काम त्यातच नमूद असते.

मुक्त स्रोत डेटाबेसमध्ये चुका होत नाहीत, असा दावा कोणी करीत नाही. चूक सर्वांसमोर मान्य होते, तिचे कारण लिहिले जाते आणि पुढचे काम सांगितले जाते. चोख हिशेबाची परंपरा जपणाऱ्या कोणत्याही संस्थेस ही रीत परकी वाटू नये.