मेदोहरण आणि वनविहार : ऋतुक्रमानुसार पूर्वतयारीचा विचार

विषयप्रवेश

मृगयेने मेद झडतो, ही समजूत आपल्याकडे वैद्यकग्रंथांच्या बाहेरही रूढ होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा करताना मृगयेच्या बाजूने जे गुण सांगितले आहेत, त्यांत व्यायाम घडणे आणि कफ, पित्त व मेद यांचा नाश होणे यांचा समावेश आहे. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या दुसऱ्या अंकातील सेनापतीही मृगयेमुळे उदर कृश व शरीर हलके होते, असे राजाला सांगतो. मात्र त्याच अंकात विदूषकाची तक्रारही आहे. अवेळी जेवण, पालापाचोळ्याने तुरट व कडू झालेले डोंगरातील पाणी, धावपळीने दुखावलेले सांधे आणि रात्रीची अपुरी झोप यांनी तो मेटाकुटीस आला आहे. अरण्य एकच, श्रमही एकच. परंतु एकाला लाभ झाला आणि दुसऱ्याला पीडा. हा भेद अरण्याचा नसून शरीराच्या पूर्वतयारीचा आहे, असे आम्हांस वाटते.

करवीर संस्थानच्या काळी दाजीपूरचे अरण्य शिकारीसाठी राखीव होते. १९५८ साली तेथे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मृगया इतिहासजमा झाली. डोंगराची ओढ मात्र कायम आहे. छत्रपती शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा भेदून पन्हाळगडावरून विशाळगडाकडे निघाले. त्या वाटेने दरवर्षी आषाढाच्या सुमारास पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती होते. मसाई पठारावरचा वारा, गुडघाभर चिखल, ओढे आणि संततधार यांतून सुमारे ५० किलोमीटरची ही वाट बहुधा दोन दिवसांत चालली जाते. जून महिना उजाडला की “पदभ्रमंतीपूर्वी वजन उतरवून द्या”, अशी मागणी घेऊन रुग्ण चिकित्सालयात व औषधी दुकानात येऊ लागतात. या मागणीला वैद्याने काय उत्तर द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी ४६ वर्षे वयाचे एक गृहस्थ पदभ्रमंतीच्या तीन आठवडे आधी आमच्याकडे आले. तरुणपणी त्यांनी तालमीत मेहनत केलेली होती. मेहनत सुटली, परंतु दूध, तूप, बदाम आणि मटणाचा खुराक सुटला नाही. वजन ९८ किलो. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही विरेचन दिले, लंघन करविले आणि मेदोहर गुग्गुळ सुरू केला. वजन ५ किलोने उतरले. तेही संतुष्ट झाले व आम्हीही. पहिल्याच दिवशी मसाई पठाराच्या चढावर त्यांना भोवळ आली, पोटऱ्यांत गोळे आले आणि सोबत्यांनी त्यांना आधार देत जवळच्या वाडीत परत नेले. सुदैवाने अनिष्ट टळले. वजन उतरले होते. परंतु त्यासोबत बलही उतरले होते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी अतिस्थूलाच्या आठ दोषांत जवोपरोध, दौर्बल्य, स्वेदाबाध, अतिक्षुधा व अतितृष्णा यांची गणना केली आहे. डोंगर चढताना नेमकी हीच लक्षणे पुढे येतात. मेदाने स्रोतसांचा अवरोध झाल्यामुळे कोष्ठात संचार करणारा वायू अग्नीला प्रदीप्त करतो. म्हणून संतर्पण दिले तर मेद वाढतो आणि तीव्र अपतर्पण दिले तर ते रुग्णाला सोसत नाही. यावरील तोड म्हणजे गुरू परंतु अपतर्पक आहार. पोटाला आधार मिळावा आणि मेदाला पोषण मिळू नये, हा त्याचा हेतू होय. तीन आठवड्यांच्या लंघनात हे सूत्रच मोडले जाते.

दुसरा मुद्दा ऋतूचा. मासगणनेनुसार आषाढ ग्रीष्मात धरला काय किंवा प्रावृट् ऋतूत धरला काय, आपल्या जिल्ह्यात त्या वेळी पाऊस असतो. आदानकालाच्या शेवटी बल हीन व अग्नी मंद झालेला असतो. वर्षाऋतूत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, तर पूर्ण अर्धशक्तीने व्यायामाची मुभा शीतकाळी आणि वसंतात आहे. म्हणजे शास्त्र ज्या काळात श्रम टाळावयास सांगते, त्याच काळात आपला रुग्ण सर्वांत मोठा श्रम करावयास निघतो. वाग्भटाचार्यांनी अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त दिला आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो. रुग्ण जाणारच असेल, तर त्याचे बल शीतकाळातच साठविले पाहिजे.

ऋतुक्रमानुसार योजना

शिशिर (माघ-फाल्गुन) : अग्नी प्रबल असल्याने उपाशी ठेवू नये. जव किंवा ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, कुळथाचे माडगे, पालेभाज्या व पातळ ताक द्यावे. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध, फरसाण घातलेली मिसळ, रात्रीचे उशिराचे जेवण आणि दुपारची झोप बंद करावी. तांबडा-पांढरा रस्सा सर्वस्वी सोडा म्हटल्यास रुग्णच आपल्याला सोडतो. म्हणून आठवड्यातून एकदा, दुपारी, तवंग काढून परवानगी द्यावी. कुळीथ व त्रिफळा चूर्णाचे रूक्ष उद्वर्तन आठवड्यातून तीनदा करावे. सपाटीवरील चालणे, उदाहरणार्थ रंकाळ्याची प्रदक्षिणा, नित्य असावे.

वसंत (चैत्र-वैशाख) : कफप्रकोपाचा हा काळ असल्याने योग्य रुग्णात, सर्व परीक्षा करून व वैद्याच्या देखरेखीखालीच वमन द्यावे. आता चढाचा सराव सुरू करावा. आठवड्यातून दोनदा जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळा, पहाटे, पाठीवर क्रमाने २ ते ५ किलो भार घेऊन. कपाळ, नाक व काखेत घाम येणे, मुखशोष होणे आणि तोंडाने श्वास सुरू होणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नाही, अशी वेळ आली की थांबावे, हीच खूण रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावी. वैशाखात ऊन वाढताच श्रमाचे मान कमी करावे.

ज्येष्ठ : मेदोहरण येथे थांबवावे. शेवटचे चार आठवडे वजन उतरविण्यासाठी नसून बल राखण्यासाठी आहेत. लेखन द्रव्ये बंद करून तांदूळ, मूग, थोडे तूप व फळे असा आहार द्यावा. शोधन देऊ नये. चालणे सुरू ठेवावे, मात्र दमणूक होऊ देऊ नये.

या क्रमाने आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरणे पुरेसे आहे. याहून वेगाने उतरले तर आम्ही आनंद मानीत नाही. आहार तपासून पाहतो.

औषधी योजना

त्रिफळा गुग्गुळ किंवा मेदोहर गुग्गुळ २५० मिलिग्रॅमच्या २ गोळ्या दिवसातून दोन वेळा, आरोग्यवर्धिनी प्रकृती पाहून, मुस्ता व शुंठीसिद्ध जल दिवसभर. मधूदक द्यावयाचे झाल्यास गार पाण्यातून द्यावे, उष्ण पाण्यातून नव्हे. आणि मधुमेही रुग्णास ते देऊ नये. मधुमेह, हृद्रोग व रक्तदाब यांसाठी आधुनिक औषधे घेणाऱ्यास गुग्गुळकल्प देण्यापूर्वी त्यांची यादी अवश्य पाहावी. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णात आहार कमी आणि श्रम अधिक झाल्यास रक्तशर्करा एकाएकी उतरते, याचे स्मरण ठेवावे.

औषधी दुकानदारांस निवेदन

जूनमध्ये दुकानात येऊन मेदोहर गोळ्या मागणाऱ्यास त्या देणे सोपे आहे. तरीही “जायचे कधी?” हा एक प्रश्न विचारावा. महिन्याहून कमी अवधी असेल, तर वैद्याकडे पाठवावे. घटकद्रव्ये न छापलेली व आठवड्यात परिणाम दाखविणारी चूर्णे दुकानात ठेवू नयेत. वजन कमी करण्यासाठी वापरले जाणारे सिबुट्रामिन हे द्रव्य हृदयावरील दुष्परिणामांमुळे भारतात २०११ साली निषिद्ध झाले. परंतु जगभर ‘वनौषधी’ म्हणून विकल्या गेलेल्या उत्पादनांत त्याची भेसळ वारंवार आढळली आहे. तसेच १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. ‘वजन हमखास उतरेल’ असा फलक लावणे हा नुसता अतिशयोक्तीचा नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे.

दाखला देण्यापूर्वी

काही संयोजक वैद्यकीय दाखला मागतात. ओळखीखातर सही करू नये. नाडी, रक्तदाब व रक्तशर्करा पाहावी. चाळिशीपुढील स्थूल व्यक्तीचा हृदयालेख काढून घ्यावा. श्रमाने छातीत दाब येणे, जिन्यावर दम लागणे, पूर्वी भोवळ येणे यांपैकी काहीही असल्यास दाखला नाकारून हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. अजीर्ण व ज्वर असताना कोणीही निघू नये.

वाटेत उकळलेले पाणी, दर दोन तासांनी थोडे खाणे, मुक्कामी कोरडे कपडे आणि बोटांच्या बेचक्यांत तिळतेल, एवढे पथ्य पुरे. पायास जखम असलेल्याने ती झाकल्याविना चिखलात उतरू नये. परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. काढ्यावर दिवस काढू नयेत.

उपसंहार

वर उल्लेखिलेले गृहस्थ पुढच्या माघात पुन्हा आले. आम्ही त्यांच्यापाशी आमची चूक कबूल केली आणि वरील क्रमाने योजना केली. ज्येष्ठापर्यंत वजन ११ किलोने उतरले. त्या वर्षी ते पांढरेपाणी ओलांडून स्वतःच्या पायांनी पावनखिंडीत पोहोचले. आम्हांस त्यांच्या वजनापेक्षा त्यांनी सांगितलेली एक गोष्ट अधिक मोलाची वाटली : चढावर ते सोबत्यांशी बोलत होते.

मेद किती गेला, हे काटा सांगतो. बल किती राहिले, हे वैद्यानेच पाहावयाचे असते. आषाढातील प्रवाशाची चिकित्सा माघातच सुरू व्हावी, यासाठी वाचकांनी आपल्या परिचितांना संक्रांतीच्या सुमारासच सांगून ठेवावे, एवढीच विनंती.