कन्ट्रोलरच्या दांडीची निगा

दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाच्या जुन्या यंत्रांच्या कन्ट्रोलरवर अंगठ्याने फिरवावयाची दांडी असते. ती अडली की तेल सोडावे, असे आपल्याला सहज वाटते. मात्र तेल कोठे चालते, हे रचनेवर ठरते.

१९९६ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो ६४ ची दांडी प्लास्टिकच्या वाटीत टेकून फिरते. घर्षणाने वाटी झिजते, पांढरी भुकटी साचते आणि दांडी सैल पडते. ही भुकटी कोरड्या मऊ कापडाने पुसून प्लास्टिकला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. शिवणयंत्राचे तेल घरात हाताशी असते खरे, परंतु खनिज तेलाने काही प्रकारची प्लास्टिके तडकतात.

१९९७ साली आलेल्या ड्युअलशॉकची गोष्ट निराळी. त्याच्या प्रत्येक दांडीला दोन पोटेन्शिओमीटर जोडलेले असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. त्यांत कार्बनच्या पट्टीवरून धातूची पट्टी सरकते आणि तिच्या स्थानानुसार विद्युतदाब बदलतो. येथे ग्रीस गेल्यास त्यावर धूळ चिकटते व संपर्क बिघडतो. म्हणून कन्ट्रोलरची तार यंत्रापासून सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब टाकून दांडी चौफेर फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. इतके करूनही पडद्यावरील खेळाडू आपोआप चालू लागला, तर कार्बनची पट्टी झिजली असण्याचा संभव असतो. ती झीज कोणत्याही वंगणाने भरून येत नाही. तो भागच बदलावा लागतो.