डोक्याचा मार आणि बालगुन्हेगार

मूल जिन्यावरून पडते, खोक पडते, टाके घातले जातात. टाके निघाले की घरचे निश्चिंत होतात. वर्ष-दोन वर्षांनी तेच मूल तापट व उतावळे झाले, तर त्या पडण्याची आठवण कोणास होत नाही.

कपाळामागील मेंदूचा भाग मनातील ऊर्मीला आवर घालतो व कृतीचा परिणाम आधी जोखतो. तो परिपक्व व्हावयास विशी ओलांडावी लागते. तेथे इजा झाली, तरी चालणेबोलणे पूर्ववत राहू शकते. लगाम मात्र सैल पडतो. पाहणाऱ्यास तो केवळ उद्धटपणा वाटतो.

फॅरर व सहकाऱ्यांनी २०१३ साली अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. बालगुन्हेगारांपैकी शेकडा सुमारे ३० जणांच्या मेंदूला पूर्वी इजा झालेली होती. एवढ्यावरून माराने गुन्हेगार घडतो, असे मात्र समजू नये. जेथे मारझोड, तेथेच डोकी फुटतात आणि तेथूनच मुले रस्त्यावर येतात. शिवाय मार बसलेली बहुतेक मुले गुन्ह्याकडे वळतही नाहीत.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉ. गुरुराज यांनी २००२ मध्ये दाखविले, की आपल्या देशात मेंदूच्या इजांपैकी शेकडा सुमारे ६० रस्त्यावरील अपघातांनी, २० ते २५ पडण्याने व १० हिंसेने होतात. याच संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठीही काम करतो.

ह्या मुलांचे भवितव्य पुष्कळदा एका तपासणीवर ठरते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची पात्रता पाहते. त्यानंतर खटला प्रौढांप्रमाणे चालवावयाचा की नाही, हे ठरते. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. परंतु त्या कलमात डोक्याच्या इजेचा उल्लेख नाही. माझ्या मते तपासणीचा पहिला प्रश्न तोच असावा: “बाळा, डोके कधी आपटले होते का? शुद्ध हरपली होती का?” आईजवळ दवाखान्याचे जुने कागद असतील, तर तेही मागवावेत.

आपल्यापैकी जे निरीक्षणगृहात मुलांना भेटावयास जातात, त्यांनी एक ध्यानात ठेवावे. अशा मुलास एका दमात चार सूचना दिल्या, तर तीन तो विसरतो, आणि आज्ञाभंगाची शिक्षा भोगतो. एका वेळी एकच सांगावे, आणि ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे.