ढोल्या म्हणू नको वं त्याला

बाई, पोट्टं अंगानं भरलं की खात्यापित्या घरचं, असं आपल्या वऱ्हाडात अजून समजतात. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या ऐकतच आपण वाढलो. गरिबाघरचं लेकरू जाड होतं, हे पटत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेलं.

तू सकाळीच धुण्याभांड्याला निघतेस, तुझा पोरगा घरी एकटा. पाच रुपयांत कुरकुऱ्यांचं पाकीट येतं, फळ येत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा टिनाच्या घरातून त्याला खेळायला सोडणार कुठं? मग मोबाइल. यात तुझी चूक नाही, हे आधी मनात पक्कं धर.

आता त्याच्या रागाचं. शाळेत मारामाऱ्या करतो, बाईंना उलटून बोलतो म्हणालीस. रात्री घोरतो ना तो? वजनानं झोपेत श्वास अडत असेल, तर झोप सारखी मोडते. अर्धवट झोपेचं लेकरू गपगार बसत नाही, चिडतं, एका जागी टिकत नाही. त्यात पोरं ‘ढोल्या’ म्हणून डिवचतात, घरीही तेच ऐकतो. मग कोपऱ्यात बसून आणखी खातो. फटके मारून यातलं काहीच सुटणार नाही.

आणि मान काळी दिसते म्हणून घासू नको. तो मळ नसावा. शरीरात इन्शुलिन नीट काम करेनासं झालं की मानेची कातडी अशी जाड, काळपट होते. पुढं मधुमेह होण्याची ती खूण असू शकते.

उपाशी मात्र ठेवू नको. शाळेची खिचडी खाऊ दे. पाकिटाच्या पैशात फुटाणे घे. रात्री ज्वारीची भाकर, वरण, भाजी साऱ्या घरालाच. त्याचं एकट्याचं ताट वेगळं नको. ऊन चढायच्या आत तासभर हुंदडू दे. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असला तळकट, खारट माल विकायला २०२० च्या नियमानं मनाई आहे; पालकसभेत हे बोल, घाबरू नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत फुकट तपासायला येतं. त्यांना मान दाखव, घोरणं सांग. ते लवकर येणार नसतील, तर सर्वोपचार रुग्णालयाच्या बालरोग विभागात न्यावं लागेल. रोजी बुडत असेल तर मला फोन कर. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं येते नि त्याला मीच नेते.