नगरचं रणगाडा संग्रहालय : चौघांच्या सहलीचा खर्च

अहिल्यानगरचं (आपलं नगर) रणगाडा संग्रहालय पाहायला पुण्याहून जायचं, तर पैसा तिकिटावर नाही, रस्त्यावर जातो. पुणे-नगर अंतर साधारण 120 किलोमीटर. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर येऊन-जाऊन 16 लिटर पेट्रोल, म्हणजे सोळाशे-सतराशे रुपये. टोल, चहापाणी वेगळं.

एसटीने हाच प्रवास निम्म्यात होतो. साध्या गाडीचं पूर्ण तिकीट दोनशेच्या आसपास धरा. महिलांना अर्धं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. म्हणजे नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि आजी मिळून जाता-येता आठशे रुपये. आजींचं आधारकार्ड विसरू नका. लष्करी हद्दीत जायचं असल्याने बाकीच्यांनीही ओळखपत्र जवळ ठेवावं. स्टँडवरून रिक्षा करताना जाऊन-येऊन किती ते आधीच ठरवा. प्रवेश आणि कॅमेरा मिळून माणशी शंभर आणि जेवणाचे दीडशे-दोनशे बाजूला ठेवले की दिवस निभावतो. संग्रहालय लष्कराचं आहे, त्यामुळे निघण्याआधी फोन करून ते उघडं असल्याची खात्री करून घ्या.

खरी काटकसर करायची नाही ती वेळेची. आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्राने 1994 मध्ये उभ्या केलेल्या या संग्रहालयात पन्नासेक रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. नुसती चक्कर मारली तर सगळं लोखंड सारखंच दिसतं. त्यापेक्षा दोन-दोन रणगाडे जोडीने पाहा. दुसऱ्या महायुद्धातला जपानी हा-गो बघा : चिलखत जेमतेम 12 मिलिमीटर, आणि बुरुजात एकटा कमांडर; तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची आणि हुकूमही सोडायचे, सगळं त्यानेच. मग ब्रिटिशांच्या चर्चिलसमोर उभे राहा. त्याच्या नंतरच्या प्रकारात पुढचं चिलखत 152 मिलिमीटरपर्यंत गेलं. आतल्या माणसाचा जीव किती पत्र्याआड होता, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

तसंच पॅटन आणि सेंच्युरियनचं. 1965 च्या युद्धात पाकिस्तानची मुख्य भिस्त अमेरिकी पॅटनवर होती. आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर सेंच्युरियनमधून लढले आणि सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुलांना ही हकिगत तिथेच, त्या रणगाड्यापाशी सांगा. वर चढू मात्र देऊ नका.

उन्हात लोखंड तापतं, म्हणून हिवाळ्यातली सकाळ उत्तम. आणि शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर अर्ध्या तासात हे उरकू नका. निदान दोन तास द्या.